दुर्गम बेटे, दानातील अग्निशमन बंब आणि सुरक्षिततेचे उत्तरदायित्व : ट्रिस्टन दा कुन्हाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अग्निशमन सेवेचा इतिहास हा सामान्यतः महानगरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. दाट वस्ती, गोदामे, गिरण्या आणि गोद्या यांच्या वाढीबरोबर बंब, जलवाहिन्या आणि प्रशिक्षित दले कशी उभी राहिली, हा त्या लेखनाचा मुख्य विषय होय. या इतिहासामागे एक गृहीतक असते. एका केंद्राचे बळ अपुरे पडल्यास शेजारच्या केंद्रातून मदत येईल, असे ते गृहीतक आहे. परंतु ज्या वस्तीला शेजारच नाही तिचे काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. समुद्राने वेढलेल्या, विमानतळ नसलेल्या आणि जहाजांच्या मोजक्या फेऱ्यांवर अवलंबून असलेल्या बेटांच्या संदर्भात तो तीव्रतेने उभा राहतो.

अशा बेटांना अग्निशमनाचे साहित्य बहुधा दान वा अनुदान म्हणून मिळते. मोठ्या देशांतील दलांनी सेवेतून काढलेले बंब, होज, श्वसनयंत्रे आणि गणवेश दूरच्या वस्त्यांकडे रवाना होतात. या व्यवहारातील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि दिलेली वस्तू आणि निर्माण झालेली सुरक्षितता या दोन गोष्टी एकच नव्हेत. प्रस्तुत लेखात दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन दा कुन्हा या बेटाचा इतिहास केंद्रस्थानी ठेवून आणि इतर काही उदाहरणांची तुलना करून या दोहोंमधील अंतराचा शोध घेतला आहे. दुर्गम बेटाची अग्निसुरक्षा हा दातृत्वाचा विषय न राहता उत्तरदायित्वाचा विषय झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दुर्गमतेची ऐतिहासिक घडण

ट्रिस्टन दा कुन्हा हे जगातील सर्वांत दुर्गम वसलेले बेट म्हणून ओळखले जाते. सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना बेटावर, सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावर आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. १५०६ साली पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव दा कुन्हा याने हे बेट पाहिले आणि त्याचेच नाव बेटाला मिळाले. १८१६ साली ब्रिटिशांनी तेथे लष्करी ठाणे बसविले. पुढच्याच वर्षी ठाणे उठले, परंतु विल्यम ग्लास हा सैनिक कुटुंबासह मागे राहिला आणि त्यातून आजची वस्ती निर्माण झाली.

ही दुर्गमता केवळ भूगोलाने ठरविलेली नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात युरोपातून केप ऑफ गुड होपमार्गे हिंदुस्थानाकडे येणारी अनेक जहाजे पश्चिमी वाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी या बेटाच्या आसपासून जात. देवमाशांची शिकार करणारी जहाजेही येत. ताजे पाणी, बटाटे आणि मांस यांच्या बदल्यात बेटवासीयांना कापड, पीठ आणि अवजारे मिळत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. या घटनेने मुंबई युरोपच्या जवळ आली आणि तिच्या बंदराची भरभराट झाली, हे आपल्या परिचयाचे आहे. त्याच घटनेची दुसरी बाजू अशी की ट्रिस्टनसारखी बेटे जगाच्या वाटेवरून बाजूला पडली. वाफेच्या जहाजांचा प्रसार आणि देवमाशांच्या शिकारीतील घट यांनी त्यात भर घातली. ज्या बदलाने एका बंदराला वैभव दिले, त्यानेच एका बेटाला एकाकी केले.

या एकाकीपणाची किंमत २८ नोव्हेंबर १८८५ रोजी मोजावी लागली. 'वेस्ट रायडिंग' हे जहाज दृष्टीस पडताच व्यापाराच्या आशेने १५ पुरुष लाइफबोटीतून निघाले. त्यांपैकी एकही परतला नाही. शंभराच्या आसपास लोकसंख्या असलेल्या वस्तीत मोजकेच प्रौढ पुरुष उरले. पुढील काळात ब्रिटिश युद्धनौकांमार्फत मदतसामग्री येऊ लागली. पण ही मदत नियमित हक्काची नव्हती, सवडीची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात बेटाचा जगाशी संपर्क जवळजवळ तुटला होता. युद्ध संपल्याची वार्ता १९१९ साली 'यार्मथ' या युद्धनौकेने आणली. बाहेरून येणाऱ्या मदतीची ही परंपरा, म्हणजे संकटानंतर यावी, देणाऱ्याच्या सोयीने यावी आणि मध्येच खंडित व्हावी, विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. अग्निशमन साहित्याच्या दानाचा विचार या परंपरेच्या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

राहण्याचा निर्णय : १९६१ ते १९६७

ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच ज्वालामुखीचा उद्रेक झाला. २६० हून अधिक रहिवाशांना प्रथम जवळच्या नाइटिंगेल बेटावर, तेथून केप टाउनला आणि अखेर इंग्लंडला नेण्यात आले. हॅम्पशायरमधील कॅल्शॉट येथील छावणीत ते दीर्घकाळ राहिले. वाहत्या लाव्ह्याने शेवंडीवर प्रक्रिया करणारा कारखाना आणि नावा उतरविण्याचे किनारे गिळंकृत केले. या बेटाचा अध्याय आता संपला, असा समज इंग्लंडमध्ये पसरला होता. परंतु १९६२ साली घेतलेल्या मतदानात बेटवासीयांनी १४८ विरुद्ध ५ मतांनी परतण्याचा कौल दिला आणि १९६३ साली बहुतांश लोक परतले.

या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. तोपर्यंतची वस्ती परिस्थितीने घडविलेली होती. १९६३ नंतरची वस्ती जाणीवपूर्वक निवडलेली होती. शहरी सुखसोयींचा अनुभव घेऊन लोकांनी बेट पसंत केले होते आणि ब्रिटिश शासनाने त्या निवडीला मान्यता दिली होती. १९६७ साली बांधून झालेल्या छोट्या बंदराला कॅल्शॉट हेच नाव देण्यात आले. शेवंडीचा कारखाना पुन्हा उभा राहिला आणि वीज आली. जीवनमान उंचावले, परंतु त्याबरोबर आगीचे स्वरूपही पालटले. पूर्वीचा धोका फ्लॅक्सच्या पानांनी शाकारलेल्या दगडी घरांच्या छपरांना होता. आता डिझेलचे साठे, विद्युत्‌ यंत्रणा, शीतगृह आणि कारखाना यांचा धोका निर्माण झाला. बादल्यांची रांग लावून शाकारलेले छप्पर कदाचित वाचविता येईल. तेलाची वा विजेची आग त्या रीतीने विझविता येत नाही.

१३ फेब्रुवारी २००८ ची आग आणि 'एकमेव' असण्याचा प्रश्न

१३ फेब्रुवारी २००८ रोजी हा धोका प्रत्यक्षात आला. आगीत मासळी कारखाना नष्ट झाला आणि त्याबरोबर बेटाला वीज पुरविणारी चारही जनित्रे जळाली. नवी जनित्रे बसून अखंडित वीजपुरवठा सुरू होण्यास १४ मार्च उजाडला. नवा कारखाना जुलै २००९ मध्ये सुरू झाला. शेवंडीची निर्यात हाच उत्पन्नाचा प्रमुख आधार असलेल्या समाजाच्या दृष्टीने हा सुमारे दीड वर्षाचा खंड होता.

एखाद्या औद्योगिक शहरात अशी आग लागली असती तर ती एका कारखान्याची हानी ठरली असती. शेजारच्या उपकेंद्रातून वीज आली असती, कामगारांना अन्यत्र काम मिळाले असते. ट्रिस्टनवर मात्र एकाच आगीने उद्योग, वीज आणि सार्वजनिक उत्पन्न या तिन्हींवर एकाच वेळी घाला घातला. बेटावरील प्रत्येक संस्था 'एकमेव' असते. एकच रुग्णालय, एकच शाळा, एकच वीजघर. त्यामुळे बेटावरील आगीचे मोजमाप जळालेल्या वास्तूच्या किमतीवरून करता येत नाही. ती वास्तू नसल्यामुळे जे जे थांबते त्यावरून ते करावे लागते.

इतरत्रही हेच आढळून येते. फॉकलंड बेटांची राजधानी स्टॅन्ली येथे १० एप्रिल १९८४ रोजी किंग एडवर्ड सातवे स्मारक रुग्णालयाला लागलेल्या आगीत ८ जणांचा मृत्यू झाला. १९८२ च्या युद्धानंतर तेथे मोठी ब्रिटिश शिबंदी होती, म्हणजे मनुष्यबळाचा दुष्काळ नव्हता. तरीही ही प्राणहानी टळली नाही. नवे रुग्णालय १९८७ साली उभे राहिले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल या चिमुकल्या बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्र १० मार्च २०१९ रोजी जळून खाक झाले. बेटावरचे स्थानिक पथक कामाला लागले होते, परंतु जादा जवान शेटलंडच्या मुख्य बेटावरून समुद्र ओलांडून आणावे लागले. पहिल्या काही मिनिटांत आटोक्यात न आलेली आग तोवर आवाक्याबाहेर गेलेली असते. शेटलंड तेथून सुमारे ४० किलोमीटर आहे. ट्रिस्टनच्या बाबतीत हेच अंतर काही हजार किलोमीटरचे आहे. तेथे येणारी कुमक आग विझविण्यासाठी पोहोचूच शकत नाही, ती केवळ पुनर्बांधणीसाठी पोहोचते.

बंबाचा प्रवास

अशा बेटाला बंब द्यावयाचा ठरल्यास तो तेथे पोहोचतो कसा, हा प्रश्न गौण वाटला तरी निर्णायक आहे. केप टाउनहून ट्रिस्टनला येणाऱ्या जहाजांच्या वर्षाला साधारण नऊ-दहा फेऱ्या होतात आणि प्रवासाला हवामानानुसार सहा दिवस वा अधिक लागतात. कॅल्शॉट बंदर इतके लहान आहे की जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर नांगर टाकून थांबते आणि माल तराफ्यांवर उतरवून आत आणावा लागतो. समुद्र शांत असेल तेव्हाच हे शक्य होते आणि असे दिवस वर्षातून साठ-सत्तरच मिळतात. जहाज बेटासमोर येऊनही उतराई न होता थांबून राहणे, ही तेथील नित्याची बाब आहे.

एका सर्वसाधारण शहरी बंबाचे पाण्यासह वजन १२ ते १८ टन भरते. टाकी रिकामी केली तरी लाटांवर हेलकावणाऱ्या तराफ्यावर असे वाहन उतरविणे जोखमीचे असते. ते उतरले तरी चालणार कोठे, हाही प्रश्न आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९८ चौरस किलोमीटर असले तरी मधोमध २,०६० मीटरचा ज्वालामुखी उभा आहे. वस्ती एका अरुंद किनारपट्टीवर आहे. वस्तीबाहेर जाणारा रस्ता बटाट्याच्या शेतांपर्यंतचा, अवघ्या पाचएक किलोमीटरचा आहे. बहुमजली इमारतींसाठी बनविलेल्या शिडीचा तेथे उपयोग नाही. हलक्या वाहनावर बसविलेला पंप, ओढून नेता येणारा ट्रेलर पंप, ओढ्यातून वा समुद्रातून पाणी खेचण्याची व्यवस्था आणि पुरेशी होज हेच साहित्य तेथे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते. दात्याकडे जे शिल्लक आहे आणि घेणाऱ्याला जे हवे आहे, यांत येथेच पहिली तफावत पडते.

या संदर्भात ब्रिटनमधील 'ग्रीन गॉडेस' या बंबांचे उदाहरण बोलके आहे. १९५३ ते १९५६ या काळात साहाय्यक अग्निशमन सेवेसाठी हे बेडफर्ड बनावटीचे बंब तयार झाले. अणुहल्ल्यानंतर जलवाहिन्या निकामी झाल्यास नदी-तलावांतून दूरवर पाणी वाहून नेणे, हा त्यांचा हेतू होता. १९६८ साली ती सेवा विसर्जित झाली, परंतु बंब साठवून ठेवण्यात आले आणि १९७७ व २००२ मधील अग्निशामकांच्या संपांत लष्कराने ते वापरले. पुढे ते विकले गेले आणि त्यांपैकी काही आफ्रिकेतील अग्निशमन दलांकडे पोहोचले. वेग आणि सोयी या दृष्टीने ते कालबाह्य होते. मात्र त्यांची यांत्रिक रचना साधी होती आणि उघड्या पाणवठ्यावरून पाणी घेण्यासाठीच ते घडविलेले होते. जलवाहिन्या आणि सुटे भाग यांची वानवा असलेल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणांवर चालणाऱ्या नव्या बंबापेक्षा असा जुना बंब अधिक काळ चालू राहू शकतो. योग्यता ही वस्तूच्या वयावर नव्हे, तर स्थानावर अवलंबून असते.

दानाची पद्धती आणि सुसंगती

पॅसिफिक महासागरातील बेटांना अग्निशमन साहित्य देण्यात जपानचा वाटा उल्लेखनीय आहे. १९८९ साली सुरू झालेल्या तळागाळातील प्रकल्पांसाठीच्या अनुदान योजनेतून फिजीसारख्या द्वीपराष्ट्रांना जपानमध्ये वापरून निवृत्त केलेले व दुरुस्त केलेले बंब मिळाले आहेत. अशा व्यवहारात वाहनाची किंमत तुलनेने कमी असते. वाहतूक, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा खर्चच अधिक लक्षात घ्यावा लागतो.

बाहेरून आलेली वाहने एखाद्या समाजाच्या व्यवस्थेला कोठपर्यंत वळण लावतात, याचे प्रत्यंतर सामोआमध्ये आले. ७ सप्टेंबर २००९ रोजी त्या देशाने रस्त्याच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूने वाहने चालविण्यास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान येथील स्वस्त जुनी वाहने आणता यावीत, हे त्यामागील प्रमुख कारण होते. वाहने देशाला जुळत नव्हती, म्हणून देशाने स्वतःलाच वाहनांशी जुळवून घेतले.

रस्त्याची बाजू कायद्याने बदलता येते. होजची जोडणी मात्र आगीच्या क्षणी बदलता येत नाही. ब्रिटिश परंपरेतील जोडणी वेगळी, जपानी वेगळी, युरोप खंडातील वेगळी. भारतीय अग्निशमन दले आजही प्रामुख्याने ब्रिटिश परंपरेतून आलेली झटपट जोडणी वापरतात. निरनिराळ्या दात्यांकडून निरनिराळ्या वेळी आलेले साहित्य एकत्र झाले की एका बंबाची होज दुसऱ्याला बसत नाही. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला लागलेल्या आगीच्या वेळी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्क येथून बंब धावून आले. परंतु त्यांपैकी अनेकांच्या होज बाल्टिमोरच्या जलस्तंभांना जुळेनात. आग सुमारे ३० तास धुमसत राहिली आणि १,५०० च्या आसपास इमारती नष्ट झाल्या. मदत वेळेवर आली होती, उदारही होती; ती केवळ जुळत नव्हती. बाल्टिमोरला निदान रेल्वेमार्ग होता. बेटावर न जुळणाऱ्या एका जोडणीची उणीव पुढच्या जहाजापर्यंत तशीच राहते.

बंबामागील माणसे

साहित्य पोहोचले, जुळले, तरी ते चालविणारी माणसे हवीत. अडीचशेच्या आसपास लोकसंख्येच्या ट्रिस्टनवर पूर्णवेळ अग्निशामकांचे दल असणे व्यवहार्य नाही. मच्छीमार, सुतार, विद्युत्‌ तंत्रज्ञ यांनीच प्रसंगी बंब हाती घ्यावयाचा असतो. समुद्र अनुकूल असेल त्या पहाटे घंटा वाजवून मासेमारीचा दिवस जाहीर करण्याची तेथे रीत आहे. त्या दिवशी धडधाकट पुरुषांपैकी बरेच जण नावांवर असतात. ज्या दिवशी बेट सर्वाधिक कामात असते, त्याच दिवशी ते आगीपुढे सर्वाधिक दुबळे असते. म्हणून प्रशिक्षण स्त्री-पुरुष, तरुण-प्रौढ अशा सर्वांना आणि वारंवार मिळणे अगत्याचे ठरते. एखादा प्रशिक्षक एकदा येऊन गेला, एवढ्याने ही गरज भागत नाही.

देखभालीचेही तसेच आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. समुद्राचे पाणी खेचलेला पंप गोड्या पाण्याने धुतला नाही तर निकामी होतो. श्वसनयंत्राचे सिलिंडर साधारण अर्धा तास पुरते. ते पुन्हा भरण्यासाठी कॉम्प्रेसर लागतो आणि सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाबचाचणी करावी लागते. ही सोय नसल्यास भेट मिळालेले श्वसनयंत्र एकदाच वापरता येते. त्याहून गंभीर बाब अशी की यंत्र भिंतीवर टांगलेले दिसत असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असा समज होतो. नसलेल्या साहित्यापेक्षा निकामी साहित्य अधिक घातक ठरू शकते, ते या कारणाने.

दान की उत्तरदायित्व?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. अडीचशे माणसांसाठी एवढा खर्च आणि एवढी यातायात समर्थनीय आहे काय? दाते उदारपणे जे देतील ते घ्यावे, अधिकाची अपेक्षा का करावी? या आक्षेपाचे उत्तर दोन पातळ्यांवर देता येते.

पहिले उत्तर इतिहासाचे आहे. १९६२ च्या मतदानानंतर बेटवासीयांचे परतणे शासनाच्या संमतीने झाले. ज्या वस्तीचे अस्तित्व मान्य केले, तिच्या सुरक्षिततेची किमान साधनेही त्या मान्यतेत अंतर्भूत असतात. दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ७३ वे कलम स्वशासन न लाभलेल्या प्रदेशांतील लोकांचे हित ही प्रशासक देशावरील पवित्र जबाबदारी मानते. ब्रिटिश शासनाच्या २०१२ च्या श्वेतपत्रिकेनेही सागरपार प्रदेशांच्या वाजवी गरजांना मदतनिधीत अग्रक्रम देण्याचे धोरण पुन्हा नमूद केले आहे.

हे उत्तरदायित्व प्रत्यक्षात कसे उतरते, याचा नमुना त्याच प्रशासकीय समूहातील सेंट हेलेना बेटावर पाहावयास मिळतो. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी तेथे नियमित व्यापारी विमानसेवा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाच्या आकारमानाला अनुरूप अग्निशमन सज्जता असल्याखेरीज विमानतळ चालविता येत नाही. त्यामुळे तेथे बंब, प्रशिक्षित जवान आणि देखभाल ही कोणाच्या मर्जीची बाब राहिली नाही. ती कायदेशीर अट झाली. विमानातील प्रवाशांसाठी जी सज्जता अनिवार्य मानली जाते, ती विमानतळ नसलेल्या बेटावरील कायम रहिवाशांसाठी मात्र ऐच्छिक राहते. ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. दुर्गमता ही व्यापारमार्गांच्या आणि राजकीय निर्णयांच्या इतिहासातून घडलेली असते, म्हणून तिचा भार केवळ बेटवासीयांवर टाकणे न्याय्य नाही. बेटावरील प्रत्येक संस्था एकमेव असल्याने तेथील आग ही संपूर्ण समाजजीवनावरील आपत्ती असते. दानातील बंबाचे मूल्य त्याच्या किमतीवरून ठरत नाही. बंदर, जहाज, पाणी, जोडणी, सुटे भाग आणि माणसे या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा ते ठरवितो.

दातृत्व त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. सेवेतून काढलेला एखादा पंप योग्य बेटावर, योग्य होजसह आणि दहा वर्षांच्या सुट्या भागांच्या हमीसह पोहोचला, तर तो एखादे वीजघर वाचवू शकेल. परंतु ती हमी दात्याच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. ज्या सत्तेच्या ध्वजाखाली ती वस्ती नांदते, त्या सत्तेने ती दिली पाहिजे. १८८५ मध्ये बेटवासी मदतीच्या आशेने स्वतः समुद्रात गेले. त्यानंतरच्या काळात मदत त्यांच्याकडे येऊ लागली. ती धक्क्यावर उतरवून परत न फिरता बंबाच्या आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिली, तरच ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.